आधी पाय, मग पाणी : कुत्र्याची घरातली अंघोळ



मागच्या भागात आपण कुत्र्याच्या खाण्याविषयी बोललो. त्यानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून आला. इंदूरच्या एक ताई, बडोद्याचे एक काका, हुबळीचं एक तरुण जोडपं, सगळ्यांची अडचण तीच. फ्लॅटमध्ये राहतो, अंगण नाही, बाथरूममध्येच अंघोळ घालावी लागते, आणि अंघोळ म्हटली की कुस्ती सुरू. कुत्रा ओला, माणूस ओला, भिंती ओल्या, आणि शेवटी दोघांचीही तोंडं फुगलेली.

एकाने लिहिलंय, "तुम्ही फौजी माणूस, तुमचा कुत्रा एका हुकमात उभा राहत असेल." नाही हो. आमची चिंगी राहत नव्हती. म्हणून आज आधी माझी चूक सांगतो आणि मग पद्धत.

निवृत्तीनंतर आम्ही डेहराडूनला राहिलो. चिंगी आमची लॅब्रेडॉर कुत्री, तेव्हा पाच वर्षांची. जानेवारीची सकाळ होती, रात्री पाऊस झालेला. फिरून आली ती पोटापर्यंत चिखल घेऊन. गच्चीवरचा नळ म्हणजे बर्फ, म्हणून तिला बाथरूममध्ये नेलं. खरं तर ओढतच नेलं. दार लावलं, पट्टा धरला, "सिट" म्हणून दरडावलं आणि मगाने पाणी ओतायला लागलो. सौ. बाहेरून म्हणत होती, "अहो, ते परेड ग्राउंड आहे का?" मी ऐकलं नाही. गुळगुळीत टाइल, त्यावर शाम्पूचं पाणी. चिंगीचे मागचे दोन्ही पाय दोन दिशांना फाकले आणि ती किंचाळली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

हाड मोडलं नव्हतं, स्नायू ताणला होता. दहा-बारा दिवस लंगडली, मग बरी झाली. पण पुढे वेगळंच सुरू झालं. बादलीचा आवाज आला की ती पलंगाखाली जायची. मी हात उचलला की एक पाऊल मागे घ्यायची. जी कुत्री रोज माझ्या पायावर डोकं ठेवून झोपायची, ती मला घाबरत होती. मंडळी, हुकूम पाळणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली, पण मला घाबरणारं घरचं जनावर मला सहन झालं नाही.

तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. मी पायदळातला. काश्मीरमध्ये असताना काही महिने आमच्या पलटणीबरोबर एक श्वानपथक होतं. सैन्यातले कुत्रे मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात तयार होतात. त्या पथकातला एक हँडलर सातारा भागातला होता. तो कुत्र्याला रोज ब्रश करायचा, पंजे उघडून पाहायचा, कानात डोकवायचा. अंघोळ मात्र क्वचित. आणि घालायची वेळ आली की आधी जमिनीवर गोणपाट अंथरायचा. मी विचारलं तर म्हणाला, "साहेब, आधी पाय, मग पाणी. कुत्रं पाण्याला भीत नाही, घसरायला भीतं."

तेव्हा मी ऐकून सोडून दिलं होतं. चिंगी लंगडल्यावर त्याचा अर्थ कळला. विचार करा, हाच कुत्रा तळ्यात स्वतःहून उडी मारतो, पावसात लोळतो. मग बाथरूममध्ये काय बदलतं? पायाखालची जमीन. नखं टाइलवर रुतत नाहीत, ओल्या पंजाची पकड सुटते. त्यात दार बंद, जागा अरुंद, आवाज घुमतो आणि मालक वरून ओरडतोय. तो पळणार नाही तर काय करेल?

आता पद्धत. आमच्या सवयीप्रमाणे टप्प्याटप्प्याने सांगतो.

तयारी. जमिनीवर रबरी मॅट घाला. नसेल तर गोणपाट किंवा जुना जाड टॉवेल ओला करून पसरा, म्हणजे तो सरकत नाही. शाम्पू, मग, दोन-तीन टॉवेल, खाऊ, सगळं आधीच हाताशी ठेवा. अर्ध्या अंघोळीत टॉवेल आणायला गेलात की कुत्रा दिवाणखान्यातल्या सोफ्यावर. मॅट आपल्यासाठीही आहे. माझ्या वयाच्या मंडळींनी ओल्या फरशीवर तीस किलोचं जनावर सांभाळताना स्वतःचं कंबरडं जपावं. छोट्या स्टुलावर बसा, वाकू नका.

अंघोळीआधी कुत्र्याला फिरवून आणा, आणि कोरड्या अंगावर ब्रश करा. केसांच्या गुठळ्या पाणी लागल्यावर आणखी घट्ट बसतात, म्हणून त्या आधीच सोडवायच्या.

पाणी. कोमट हवं, गरम नको. कुत्र्याच्या शरीराचं तापमान आपल्यापेक्षा थोडं जास्त, साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. म्हणून त्याला कढत पाणी चालतं असं नाही, उलट केसांखालची कातडी भाजली तर आपल्याला दिसतही नाही. बाळाला न्हाऊ घालताना आजी कोपर बुडवून पाहते ना, तसंच पाहा.

इथे एक कडक सूचना. बादलीत हिटरचा रॉड लावून पाणी तापवत असाल तर रॉड बंद करा, प्लग काढा, रॉड बाहेर ठेवा, आणि मगच कुत्र्याला बाथरूममध्ये आणा. रॉड चालू असलेल्या बादलीजवळ कुत्रा, मूल किंवा स्वतःचा हात, काहीच जाता कामा नये. यात सवलत नाही.

शाम्पू. आपला साबण किंवा शाम्पू वापरू नका. आपली त्वचा आम्लधर्मी, तिचा पीएच साधारण ५.५. कुत्र्याचा ७ च्या आसपास. शिवाय त्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ. आपल्या शाम्पूने ती कोरडी पडते, खाज सुटते, तो खाजवतो, आणि आपल्याला वाटतं अंघोळ कमी पडली. मग आपण आणखी अंघोळ घालतो. कुत्र्यासाठी बनवलेला, कमी वासाचा शाम्पू आणा आणि मगभर पाण्यात पातळ करून वापरा. बादलीत जंतुनाशक औषध टाकायची सवय अनेक घरांत आहे, ती सोडा. कुत्रा अंग चाटतो आणि ते औषध त्याच्या पोटात जातं. टी ट्री ऑइलसारखी तेलंही नकोत, ती कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

अंघोळ. सुरुवात पायांपासून. आधी पंजे, मग मांड्या, मग पाठ. मग उंचावरून ओतू नका. मगाची कड अंगाला टेकवून पाणी सोडा, म्हणजे ते केसांखाली जातं, आवाज होत नाही आणि शिंतोडेही उडत नाहीत. पिसवा असतील तर सगळ्यात आधी मानेभोवती फेसाचं एक कडं करा. नाहीतर अंग भिजताच त्या डोक्याकडे आणि कानांकडे पळतात.

डोक्यावर पाणी ओतायचंच नाही. तोंड ओल्या फडक्याने पुसायचं. कुत्र्याची कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते, त्यामुळे शिरलेलं पाणी सहज बाहेर येत नाही. लॅब्रेडॉर, कॉकर स्पॅनियल यांचे कान पडलेले, तिथे हवाही खेळत नाही. मग कान दुखतो, वास येतो. कानाच्या तोंडाशी कापसाचा मोठा बोळा अलगद ठेवा, आत खुपसू नका. आणि अंघोळ झाल्यावर आठवणीने काढा. दोन बोळे घातले तर दोन बाहेर आले पाहिजेत, आम्ही दारूगोळ्याचा हिशेब ठेवायचो तसा.

फेस धुवायला फेस करण्याच्या दुप्पट वेळ द्या. काख, पोट, बोटांमधली जागा, शेपटीचं मूळ इथे शाम्पू उरतो आणि पुढे तिथेच खाज सुटते. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला असेल तर तो अंगावर बहुधा दहा मिनिटं ठेवावा लागतो. लगेच धुतला तर औषध गटारात.

वाळवणं. टॉवेलने घासू नका, दाबून पाणी टिपा. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड यांच्या केसांचे दोन थर असतात. वरचा वाळलेला दिसतो, आतला ओलाच राहतो. थंडीत किंवा पावसाळ्यात ती ओल राहिली की कातडी लाल होऊन चिघळते. बोटं मुळापर्यंत घालून पाहा. ड्रायर वापरायचा तर बाथरूमच्या बाहेर, कोरड्या जागी, कमी उष्णतेवर आणि लांबून धरून. अंघोळ झाली की कुत्रा घरभर सुसाट पळतो. त्याआधी त्याचे तळवे पुसा आणि पट्टा हातात ठेवा, नाहीतर बाथरूममध्ये वाचलेला पाय दिवाणखान्यात जायचा.

किती वेळा? निरोगी कुत्र्याला महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरे. पाहुणे म्हणतात, "घरात ठेवता तर रोज अंघोळ घाला." ऐकू नका. कातडीचं नैसर्गिक तेल धुऊन गेलं की रोगाला वाट मिळते. रोज ब्रश करा आणि फिरून आल्यावर पाय पुसा, वास निम्मा कमी होतो. गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध लावत असाल, तर साधारण दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर अंघोळ नको. त्या औषधाच्या पाकिटावरची सूचना वाचून घ्या. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाला ओल्या फडक्याने पुसणं बरं.

आता चिंगीचं काय झालं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांचा कुत्रा आधीच घाबरलेला असेल.

मी तीन आठवडे अंघोळ घातलीच नाही. पहिल्या आठवड्यात कोरड्या बाथरूममध्ये मॅट टाकली आणि दार उघडं ठेवून तिथे तिच्यासाठी ताटलीत दही ठेवू लागलो. पहिले दोन दिवस ती दारातूनच मान लांब करून पाहत होती. तिसऱ्या दिवशी पुढचे पाय मॅटवर आले. दुसऱ्या आठवड्यात रिकामी बादली आणि मग शेजारी ठेवला, मधूनच नळ थोडा सोडला. तिसऱ्या आठवड्यात फक्त पंजे ओले केले, पुसले, खाऊ दिला, संपलं. ती मागे सरली तर मीही थांबायचो, पुढचं दुसऱ्या दिवशी. चाळीस वर्षं "वेळेत काम" शिकलेल्या माणसाला हे सोपं गेलं नाही. सौ. रोज विचारायची, "आज कुठपर्यंत चढाई?"

चौथ्या आठवड्यात पूर्ण अंघोळ झाली. मी ओरडलो नाही, ती घसरली नाही.

गेल्या वर्षी अशाच एका अंघोळीत फेसातून हात फिरवताना तिच्या स्तनाजवळ वाटाण्याएवढी गाठ लागली. केसांत ती कधी दिसली नसती. डॉक्टरांनी ती छोटी असतानाच काढली. म्हणून सांगतो, फेस लावताना घाई करू नका. मान, काख, पोट, बोटांच्या बेचक्या, कानांच्या घड्या, सगळीकडे हात फिरू द्या. गाठ, गोचीड, जखम, दुखरी जागा, जे डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं. आणि कुत्रा निवांत उभा असेल तरच बोटांना ते शोधायला वेळ मिळतो.

चिंगी आता नऊ वर्षांची आहे. आजही ती अंघोळीला आनंदाने येत नाही, खोटं कशाला सांगू? बादली वाजली की एकदा माझ्याकडे पाहते, एक सुस्कारा टाकते, आणि चालत जाऊन मॅटवर उभी राहते. पट्टा मी धरत नाही.

पुढच्या भागात नखं कापण्याविषयी बोलू. तोवर बाथरूममध्ये मॅट टाकून ठेवा.

जय हिंद.