नव्या काँक्रीटला भेगा का पडतात?

आर्थिक वर्ष ३१ मार्च रोजी संपते. तत्पूर्वी मंजूर निधी खर्ची पडावा म्हणून शाळाखोल्या, समाजमंदिरे आणि गावांतर्गत रस्ते यांची काँक्रीटची कामे फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम जोर धरतात. विदर्भ-मराठवाड्यात ऊन तापू लागण्याची व विहिरींनी तळ गाठण्याची वेळही नेमकी हीच. पुढे पहिल्या पावसात नवे छत ठिबकू लागले, की सिमेंटच्या प्रमाणाविषयी शंका घेतली जाते. ती कधी खरीही ठरते. परंतु पुष्कळदा दोष पाण्याचा असतो. मिश्रणात ते जास्त पडलेले असते आणि नंतर कमी.

काँक्रीट वाळून पक्के होते, हा समज सार्वत्रिक असला तरी चुकीचा आहे. सिमेंट व पाणी यांच्या रासायनिक संयोगाने ते घट्ट होते. आतील पाणी उडून गेले की ही क्रिया मंदावते व अखेर थांबते.

पहिला धोका काही तासांतच उद्भवतो. ओतलेल्या काँक्रीटमधील जड खडी खाली बसते व थोडे पाणी वर येते. ते वर येण्याच्या वेगापेक्षा ऊन-वाऱ्याने उडून जाण्याचा वेग वाढला, म्हणजे वरचा थर आकसतो. त्या अवस्थेत त्याच्या अंगी ताण सोसण्याची शक्ती नसते. आटलेल्या तळ्यातील गाळाप्रमाणे त्याला भेगा पडतात. उन्हाची काळजी सर्वच घेतात, वाऱ्याकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. या भेगांतून पाणी सळ्यांपर्यंत पोहोचते, सळ्या गंजून फुगतात आणि काही वर्षांनी छताचे पोपडे मुलांच्या डोक्यावर पडू लागतात.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. स्लॅब दुपार टळल्यावर ओतावा. खडी सावलीत ठेवून आधी भिजवावी. पसरावयास सोपे जावे म्हणून मिक्सरमध्ये जादा पाणी ओतण्याची सवय मोडावी. घराच्या साध्या स्लॅबसाठी ५० किलोच्या एका गोणीस, वाळू-खडीतील ओलावा धरून, साडेसत्तावीस लिटर ही कमाल मर्यादा होय. काँक्रीट मऊ असतानाच भेग दिसली, तर गुरमाळ्याने दाबून ती मिटते. वर कोरडे सिमेंट भुरभुरवून मात्र ती केवळ झाकली जाते.

काम संपताच पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या कापडाने झाकावा. काँक्रीट घट्ट झाल्यावर गोणपाट अंथरून किंवा आळी करून ते सतत ओले ठेवावे. भारतीय मानक ब्यूरोच्या २००० सालच्या ४५६ क्रमांकाच्या मानकात साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस, तर राखमिश्रित सिमेंटसाठी व उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस सांगितले आहेत. सकाळ-संध्याकाळ नळीने पाणी मारले व मधल्या वेळी स्लॅब उन्हात तापू दिला, तर अपेक्षित लाभ होत नाही.

पण हे पाणी आणावे कोठून? २० फूट लांब व २० फूट रुंद स्लॅबवर एक इंच पाणी साठवावयाचे, तर सुमारे साडेनऊशे लिटर लागते. टँकरवर तहान भागविणाऱ्या गावात हे मागणेही अवघड. अशा ठिकाणी ओले गोणपाट व त्यावर कडा दाबून बसविलेले प्लॅस्टिकचे कापड यांवर कमी पाण्यात भागते. तेवढेही पाणी नसल्यास स्लॅब पावसाळ्यानंतर घालणे इष्ट, मग निधीच्या मुदतीसाठी पत्रव्यवहार करावा लागला तरी चालेल.

मोजमापात लांबी, रुंदी व जाडी येते. पाणी किती दिवस दिले, हे त्यावरून कळत नाही. पंचायत सदस्यांनी वा मुख्याध्यापकांनी दुपारी दोनच्या सुमारास शिडीने वर जाऊन, गोणपाटाचा कोपरा उचलून खाली हात लावून पाहावा.