चाकाला आठवण नसते

१८ ऑगस्ट १९१३. मोनॅको संस्थानातल्या माँटे कार्लो कॅसिनोत रूलेच्या एका टेबलाभोवती गर्दी वाढत चालली होती. गोळी पुन्हा पुन्हा काळ्या रंगावर पडत होती. ‘आता तरी लाल येणारच’ म्हणत लोक लाल रंगावरची रक्कम वाढवत गेले. गोळी ओळीने २६ वेळा काळ्यावर पडली आणि तोवर अनेकांचे खिसे रिकामे झाले होते.

रूले हा फ्रेंच शब्द. अर्थ, लहान चाक. पणजीला मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांमुळे हे चाक आपल्याकडेही अनोळखी राहिलेले नाही. युरोपीय पद्धतीच्या चाकावर १ ते ३६ आकडे असतात, १८ लाल आणि १८ काळे. शिवाय एक हिरवे शून्य. चाक एका दिशेने फिरते, गोळी उलट दिशेने सोडतात. रंगावर पैसे लावून जिंकलात तर लावले तेवढेच वर मिळतात. एकाच आकड्यावर जिंकलात तर पस्तीसपट.

कॅसिनोची कमाई त्या हिरव्या घरात आहे. समजा, तुम्ही लाल रंगावर १०० रुपये ३७ वेळा लावले. सरासरीने १८ वेळा जिंकाल, १९ वेळा हराल. म्हणजे ३७०० रुपयांच्या उलाढालीत १०० रुपये गेले, २.७ टक्के. अमेरिकी चाकावर शून्याची दोन घरे असतात, तिथे हाच हिशेब ५.२६ टक्क्यांवर जातो. कॅसिनोला लबाडी करण्याची गरजच पडत नाही.

मग त्या रात्री लोक चुकले कुठे? ओळीने २६ वेळा काळा येण्याची शक्यता साधारण १३ कोटी ७० लाखांत एक, हे खरे. पण २५ वेळा येऊन गेल्यावर सव्विसाव्या वेळी ती ३७ पैकी १८ इतकीच उरते, पहिल्या फेरीइतकी. चाकाला मागचे काही आठवत नाही. आठवणी आपल्याला असतात. (तीन मुलींनंतर ‘आता मुलगाच’ म्हणणारेही हाच हिशेब करतात.)

हरल्यावर रक्कम दुप्पट करत जायची, हा ‘हमखास’ म्हणून सांगितला जाणारा उपाय. शंभरापासून सुरुवात करून ओळीने दहा वेळा हरलात, तर १,०२,३०० रुपये गेलेले असतात आणि अकराव्या वेळी १,०२,४०० लावायचे असतात. कशासाठी? शंभर रुपयांच्या नफ्यासाठी! त्याआधीच टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते.

हे गणित माहीत असूनही माणूस उठत का नाही, हा प्रश्न डॉक्टरांचा. बक्षीस मिळेल की नाही याची अनिश्चितता मेंदूतल्या डोपामिनच्या यंत्रणेला चेतवते. १७ वर पैसे लावले आणि गोळी शेजारच्या २५ मध्ये बसली, तर हिशेबात ती निव्वळ हार असते. मनाला मात्र ‘थोडक्यात हुकले’ असे वाटते आणि हात पुन्हा खिशाकडे जातो. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये जुगाराच्या विकाराला दारू, अमली पदार्थांच्या व्यसनांच्या गटात घातले. गेलेला पैसा परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे, पूर्वीइतकी झिंग येण्यासाठी रक्कम वाढवणे, घरच्यांशी खोटे बोलणे, खेळ थांबवला की चिडचिड, ही त्याची लक्षणे. समुपदेशनाने फरक पडतो. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

एक गोष्ट घराघरांत माहीत असायला हवी. कंपवातावरची डोपामिनसारखे काम करणारी काही औषधे सुरू झाल्यावर, आयुष्यात पत्त्याला हात न लावलेल्या काही रुग्णांना जुगाराची अनावर ओढ लागते. वडिलांच्या खात्यातून अचानक पैसे जाऊ लागले, तर त्यांना बोल लावण्याआधी औषधाची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना भेटा. मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. मात्रा कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर ही ओढ बहुतेकदा ओसरते.