काटा दिसला की गाडी थांबते
मे महिन्यात नांदेडहून लातूरला जाताना आमची जुनी गाडी वाटेत तापली. मागे अम्मी आणि मुले. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाही, फक्त लाल दिवा. तो पेटेपर्यंत उशीर झाला होता.

मग वेगळा मीटर आणला, तोंड ५२ मिलिमीटर. बसवायला शेतातल्या ६३ मिलिमीटर पीव्हीसी पाइपाचा तुकडा कापला, कड कानसीने घासली, आत सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळून मीटर घट्ट केला आणि लहान स्क्रूने डॅशबोर्डवर बसवला. एअरबॅगच्या झाकणावर किंवा रस्ता झाकेल तिथे लावू नका. वायरीला फ्यूज हवाच.

उंट बांधूनच तवक्कल करायचा असतो. आता काटा नेहमीपेक्षा वर सरकला की गाडी सावलीत घेतो. गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडत नाही.