'काम निघालंय' म्हणजे नक्की काय?

'इंजिनाचं काम निघालंय' हे वाक्य ऐकलं की होस्टेलवाल्याच्या पोटात गोळा येतो. महिन्याची वीस तारीख, खिशात मेसचे पैसे सोडून काही नाही, आणि गॅरेजवाला शांतपणे सांगतोय, "क्लच प्लेट, चेन सेट, बॅटरी आणि कोनसेट. करून टाका, परत बघायला नको." आता यात खरं किती आणि उगाच किती? मेकॅनिकल ब्रँचवाल्यांनाही हे पटकन सांगता येत नाही, कारण सिलॅबसमध्ये गॅरेजचा चॅप्टरच नाही! स्टाफपैकी ज्यांच्याकडे कार आहे त्यांची कथाही हीच, फक्त बिलावर एक शून्य जास्त.

मित्रांनो, यावर एक साधा प्रश्न आहे. झिजणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पार्टला एक माप असतं आणि एक मर्यादा असते. कुठे मिलिमीटर, कुठे व्होल्ट, कुठे किलोमीटर किंवा महिने. म्हणून मेकॅनिकला विचारायचं, "आत्ता किती आहे, आणि किती असेपर्यंत चालतं?" जो मोजून किंवा हलवून दाखवतो, त्याचं ऐका. जो नुसतं "साहेब, पार्ट गेलाय" म्हणतो, त्याला हो म्हणण्याआधी थांबा. मर्यादेचा आकडा बहुतेक वेळा गाडीबरोबर मिळालेल्या मॅन्युअलमध्ये असतो. ते पुस्तक सीटखाली कुजवू नका.

स्वतः बघता येईल असं

टायर : खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायरच्या कडेला 'टीडब्ल्यूआय' किंवा त्रिकोणाची खूण दिसते, तिच्या रेषेत शोधा. रबर झिजून उंचवट्याला टेकलं की टायर संपला. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कारला 1.6 मिमी आणि दुचाकीला 0.8 मिमी खोली ही किमान आहे. पावसात तिथपर्यंत वाट न पाहिलेली बरी.

ब्रेक : कारच्या नव्या पॅडचं मटेरियल साधारण 10 ते 12 मिमी असतं, 3 मिमीच्या आसपास आलं की बदलायचं. 6 मिमी असताना कोणी 'संपलेत' म्हणत असेल तर पट्टी लावून दाखवायला सांगा. बऱ्याच बाईकच्या ड्रम ब्रेकला बाहेर एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोचला की लायनर संपले.

चेन : 100-150 सीसीच्या बऱ्याच बाईकना मधोमध वर-खाली 20 ते 30 मिमी ढिलाई लागतेच. नुसती ढिली असेल तर ॲडजस्ट करा, मजुरी किरकोळ. पण स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकल्यासारखे दिसत असतील, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावे लागतात. इथे मेकॅनिक 'सेट घ्या' म्हणतो ते बरोबर आहे. जुन्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते.

बॅटरी : लॅबमधला मल्टिमीटर इथे कामाला येतो. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर आकडा 13.5 ते 14.5 च्या दरम्यान गेला पाहिजे. तो वाढलाच नाही तर दोष चार्जिंगमध्ये आहे. अशा वेळी नवी बॅटरी घातली तर तीही चार दिवसांत झोपेल! आणि सगळ्यात आधी टर्मिनल घासून घट्ट करा.

क्लच : चढावर वरच्या गिअरमध्ये आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. पण लिव्हरला थोडी मोकळी चाल (बहुतेक 10 ते 20 मिमी) आहे का बघा. केबल फार ताणलेली असली तरी हेच लक्षण दिसतं, आणि ते दोन मिनिटांचं ॲडजस्टमेंट आहे.

'बोअर करावं लागेल'

हे सगळ्यात महाग वाक्य. थंडीत सकाळी दिसणारी आणि थोड्या वेळात जाणारी पांढरी वाफ म्हणजे पाणी, तिला घाबरायचं कारण नाही. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, आधी एअर फिल्टर बघा. निळसर धूर आणि ऑइलची घटणारी पातळी, म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पण तरीही लगेच इंजिन उघडू नका, कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगा. प्रेशर कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. आता प्रेशर वाढलं तर दोष रिंगा-बोअरकडे. फारसा फरक नाही पडला तर व्हॉल्व्हकडे बघायचं, कधीकधी नुसतं टॅपेट सेटिंग पुरतं.

स्कॅनर दाखवतो म्हणून?

एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांना दुचाकीतही बिघाडाचे कोड साठवण्याची सोय आली, कारमध्ये ती आधीपासून होती. कोड म्हणजे निकाल नव्हे. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही, तुटलेली वायर किंवा सायलेन्सरच्या पाइपची गळतीही तोच कोड देऊ शकते. कोड फक्त कुठे शोधायचं ते सांगतो.

लक्षण नसतानाही खरं असलेलं काम

याची दुसरी बाजूही आहे. 'गाडी तर मस्त चालतेय' म्हणून प्रत्येक सल्ला उडवून लावणं धोक्याचं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नव्या डॉट-3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावरची मर्यादा 140 अंश आहे. रोजच्या कॉलेज-स्टेशन फेऱ्यांत फरक कळत नाही. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ते उकळलं की लिव्हर हातात येतो आणि गाडी थांबत नाही. म्हणून बऱ्याच मॅन्युअलमध्ये ते दोन वर्षांनी बदलायला सांगतात. कारचा टायमिंग बेल्टही तसाच. न सांगता तुटतो आणि बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकवून जातो. उलट 'ऑइल काळं झालंय' हे बदलण्याचं कारण नाही. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, बदलायचं ते किलोमीटर आणि महिने बघून.

मेकॅनिक असं का करतो?

दरवेळी लबाडीच असते असं नाही. नीट तपासायला तास लागतो आणि त्या तासाचे पैसे आपण देत नाही. पार्ट बदलला की मात्र देतो. मग तो अंदाजाने पार्ट बदलणारच! मोठ्या ठिकाणी याला टार्गेटची जोड मिळते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ग्राहक खात्याने सिअर्स कंपनीच्या गॅरेजमध्ये गुपचूप गाड्या पाठवल्या होत्या. 38 पैकी 34 वेळा अनावश्यक काम केल्याचं खात्याने 1992 साली म्हटलं. कंपनीने नंतर काम आणणाऱ्या सल्लागारांचं कमिशन बंद केलं.

म्हणून गाडी लावतानाच सांगा, "आधी फक्त तपासा, तपासायची मजुरी वेगळी देतो. विचारल्याशिवाय काही बदलू नका." शे-दोनशे जातील, पण हजार वाचतील. मग यादीचे तीन भाग करा : आज करायचं, पुढच्या महिन्यात चालेल, आणि गरज नाही. ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगचा दोष मापात सिद्ध झाला तर तो पहिल्याच भागात, तिथे घासाघीस नको. मोठं काम असेल तर दुसऱ्या गॅरेजलाही दाखवा, पण पहिला काय म्हणाला ते सांगू नका, फक्त लक्षण सांगा. काढलेले पार्ट परत मागा, बिल घ्या.

आणि मोजून, दाखवून काम करणारा मेकॅनिक सापडला तर त्याचा नंबर होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावा. ज्युनिअर दुवा देतील!