पिकअपमध्ये मोटारसायकल बांधताना

दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातून कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात. भांडी, धान्याची पोती, अंथरूण-पांघरूण, कोंबड्या, आणि आता त्यांच्याबरोबर मोटारसायकलही पिकअपमध्ये चढते. फडापासून बाजार लांब, दवाखाना लांब, म्हणून गाडी लागतेच. होळीला काठीला पोचायचं तर तीच गाडी पुन्हा तशीच बांधून आणायची. आता हा विषय पुरुषांचा आहे असं कोणी म्हणू नका. गाडी गटाच्या कर्जातून घेतलेली असली तर हप्ता आपल्याच वहीत लिहिलेला असतो.

दोराकडे वळण्याआधी एक सांगते. आपल्याकडे गाडी हौद्यात स्टँडवर उभी करतात, तिला एक दोर गुंडाळतात आणि घरातल्या एखाद्या पोराला सांगतात, "तू धरून बस." हे अजिबात करू नका. साधी शंभर सीसीची गाडी सव्वाशे किलोच्या आसपास भरते, म्हणजे गव्हाची अडीच पोती. चांदसैली घाटातल्या किंवा देवगोईच्या वळणावर ती कलली तर पोराच्या हातानं थांबणार आहे का? गाडी त्याच्या पायावर पडेल, नाहीतर त्याला घेऊन फाळक्यावर आदळेल. जी गाडी माणसानं धरावी लागते ती बांधलेलीच नाही, असं समजा.

विम्याचंही ऐका. पिकअप हे मालाचं वाहन. त्यात माणसं भरली आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईला हात वर करते. १९९४ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालाबरोबर जात असेल तर त्याचा विचार विम्यात होतो. पण त्यानं केबिनमध्ये बसायला हवं, असे न्यायालयाचे निकाल आहेत. म्हणून गाडीबरोबर एकानं ड्रायव्हरशेजारी बसावं, बाकीच्यांनी एसटीनं यावं. एसटीचे पैसे वाचवायला हौद्यात बसणं किती महाग पडतं, ते आपल्या घाटांनी पुष्कळदा दाखवलंय.

आता गाडी चढवायची. चौघांनी उचलून चढवण्यात कंबर जाते आणि सायलेन्सरनं पाय भाजतो. पिकअप मागे घेऊन एखाद्या बांधाला किंवा उंचवट्याला लावा, म्हणजे हौदा आणि जमीन जवळजवळ सारखी होते. उंचवटा नसेल तर जाड, लांब फळी घ्या. फळी आखूड असली तर चढ उभा होतो. फळीचं वरचं टोक हौद्याला बांधा, नाहीतर चाक चढता चढता फळी मागे सरकते. इंजिन बंद ठेवून ढकला. एकानं हँडल आणि पुढचा ब्रेक सांभाळायचा, दोघांनी मागून जोर द्यायचा.

गाडी आडवी नको, तोंड पुढे करून सरळ लावा. पुढचं चाक केबिनमागच्या पत्र्याला टेकवा आणि मध्ये जुन्या टायरचा तुकडा ठेवा. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की सगळा भार पुढे जातो, तो त्या पत्र्यावर पडू द्यायचा. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. पुढच्या ब्रेकची दांडी दाबून जुन्या ट्यूबच्या पट्टीनं हँडलला आवळून ठेवा, चाक हलत नाही. जुन्या गाडीला पेट्रोलचा कॉक असतो, तो बंद करा.

दोर चार हवेत, दोन पुढे, दोन मागे. पुढचे दोन हँडलच्या मधल्या जाड भागाखाली, जिथे शॉकअप वर जोडलेले असतात तिथे बांधा. आरसा, इंडिकेटर, केबल, प्लास्टिक यांना दोर लागू देऊ नका. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही खाली आणि थोडे पुढे ओढलेले. मागचे दोन सीटमागच्या लोखंडी दांड्याला बांधा, तेही दोन बाजूंना, खाली आणि मागे. चारही हातानं बसवून झाले की मग आवळा, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. एकच बाजू आधी घट्ट केली तर गाडी तिकडे झुकते. पुढचे शॉकअप अर्धे दबले की पुरे. शॉकअप मोकळे राहिले तर खड्ड्यात गाडी उसळते आणि त्या उसळीत दोर ढिला पडतो. अगदी तळाला दाबले तर ऑइल सील फुटतं.

आवळायची पद्धत बैलगाडीवर कडबा बांधतात तशीच. दोरात मध्ये एक वेढा ठेवायचा, टोक पिकअपच्या कडीतून घालून पुन्हा त्या वेढ्यातून ओढायचं. कड्या बहुतेक हौद्याच्या बाहेरच्या बाजूला असतात, त्यामुळे दोर पत्र्याच्या कडेवर घासतो. तिथे गोणपाटाची घडी घाला. रंगावर दोर येत असेल तिथे जुनं लुगडं. रॅचेटचे पट्टे मिळाले तर उत्तम, गटानं मिळून एक जोडी घेतली तर वर्षानुवर्षं पुरते.

बांधून झालं की साईड स्टँड वर करा. खूप जणांना हे पटत नाही, पण स्टँडवर भार राहिला तर गचक्यांनी स्टँड वाकतो आणि गाडी त्याच बाजूला कलते. गाडी दोरांवरच सरळ उभी राहिली पाहिजे. शेवटी मागचं चाकही हौद्याला बांधून टाका. पोत्यांचा आधार असला तर चांगलं, पण त्यांच्यावर विसंबू नका, वाटेत पोती बसतात. दोन गाड्या असतील तर एकीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत.

नायलॉनचा दोर ताणला की लांबतो. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर पिकअप थांबवायला लावा आणि चारही दोर हातानं दाबून बघा. घाट सुरू होण्याआधी पुन्हा बघा. कोंडाईबारीकडून जाणार असाल तरी तसंच. ड्रायव्हर कुरकुर करतो, करू द्या. भाडं ठरवतानाच सांगून ठेवा की वाटेत दोनदा थांबायचं आहे.

उतरवताना सगळे दोर एकदम सोडू नका. आधी एकानं हँडल धरायचं, साईड स्टँड लावायचा, मग मागचे दोर आणि सगळ्यात शेवटी पुढचे.