जुना क्रँक बसवण्यापूर्वी

वडिलांनी हप्त्यावर घेतलेली बजाज चेतक आमच्या पडवीत दोन पावसाळे उभी होती. मुले म्हणाली, भंगारात द्या. पण मन होईना. इंजिन खोलले तेव्हा क्रँक गंजलेला निघाला. पेट्रोलची चेतक १९७२ साली बाजारात आली, तिचे उत्पादन बंद होऊनही बरीच वर्षे झाली. २०२० पासून त्या नावाने मिळते ती विजेवरची स्कूटर. म्हणून जुने सुटे भाग विकणाऱ्या एकाकडून वापरलेला क्रँक आणला. तो चकचकीत होता. विक्रेता म्हणाला, एकदम ओके आहे. आम्ही विश्वास ठेवला.

महिन्याभरात मालवण-कसाल रस्त्यावर कट्ट्याच्या अलीकडे इंजिन जाम झाले. मागे मुलगी बसलेली होती. इंजिन अडकले की मागचे चाकही अडते आणि गाडी घसरते. क्लच वेळेवर दाबला म्हणून निभावले.

नंतर आमच्या गावच्या वयस्क मेकॅनिकने तोच क्रँक हातात घेतला नि म्हणाला, "साहेबानूं, तेलान भरलेलो आसताना ढिलेपण कळणा नाय. आधी धुवा." रॉकेलने धुतल्यावर रॉड खडखड वाजू लागला. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं!

वाचकहो, त्या दिवशी आम्ही जे शिकलो ते असे.

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकसाठी वेगळे तेल नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑईलवरच त्याची बेअरिंगे चालतात. ऑईल कमी पडले, किंवा पंख्याची हवा पत्र्याच्या आवरणात नीट खेळली नाही, तर इंजिन तापते. त्यात आपली किनारपट्टी दमट. गाडी उभी राहिली की आतल्या पोलादावर गंज धरतो.

तेव्हा क्रँक घेताना प्रथम तो धुऊन कोरडा करावा. मग कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढून पाहावा. या दिशेने हाताला जराही ढिलेपण लागता कामा नये. डावी-उजवीकडे मात्र थोडी हालचाल असावीच लागते, त्याला घाबरू नये. रॉड सावकाश फिरवावा. कुठे खरखर लागली तर आतले रोलर गंजलेले समजावेत. क्रँकपिनजवळ निळसर झाक दिसली, तर तो भाग कधीतरी जास्त तापला होता. असा क्रँक घेऊ नये.

ऑईल सील जिथे घासते तिथे नख फिरवावे. नख अडकेल असा चर असेल तर नवे सीलही गळणार. मॅग्नेटकडचा निमुळता भाग, चावीची खाच आणि आटे पाहावेत. चेतकमध्ये क्रँकच्या गोल पाळीचा कडेचा भागच पेट्रोल-हवेच्या वाटेची झडप म्हणून काम करतो. त्यावर खोल ओरखडे असतील तर गाडी लवकर स्टार्ट होत नाही.

शेवटी क्रँक दोन टोकांवर टेकवून डायल गेजखाली फिरवून घ्यावा. वाकडेपणा साधारण ०.०३ मि.मी.च्या आत असावा. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलवरून पाहावा. हा क्रँक दोन तुकडे पिनवर दाबून जोडलेला असतो. त्यामुळे टोकावर हातोडा मारला तर तो वाकडा होतो. पिन, रॉड व बेअरिंग बदलता येतात, पण त्यासाठी प्रेस हवा आणि नंतर सरळ करणारा अनुभवी हात हवा. घरी हा उद्योग करू नये.

आम्ही कारकून माणूस, जमाखर्च मांडल्याशिवाय चैन पडत नाही. स्वस्तात मिळालेल्या त्या क्रँकपायी सील, बेअरिंग आणि मजुरी दोनदा भरली. धुऊन, हलवून, मोजून पाहायला अर्धा दिवस पुरला असता.

आता पावसाळ्यापूर्वी गाडी उभी करताना आम्ही प्लगच्या भोकातून थोडे टू-टी ऑईल टाकून चार किका मारतो, आणि दर आठवड्याला एकदा इंजिन फिरवतो. हे काम मुलगीच करते. त्या दिवसापासून तिचा दुसऱ्याच्या 'ओके'वर विश्वास नाही, आणि आम्हांस त्याचा आनंदच वाटतो.