शाळेचा सदरा आणि पेठेतला गल्ला

जून महिना लागला की तालुक्याच्या गावी दोन दुकानांपुढे गर्दी होते. एक कृषी सेवा केंद्र, दुसरे कापडाचे दुकान. केज घ्या, माजलगाव घ्या, जिंतूर घ्या नाही तर मेहकर घ्या, चित्र सारखेच. मृगाचा पाऊस पडला की पेरणी, आणि महिना अर्ध्यावर आला की शाळेची घंटा. विदर्भात ती आठवडाभर उशिरा वाजते एवढाच फरक. दोन्ही खर्च एकाच पंधरवड्यात अंगावर येतात. त्यातही ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला पीककर्जाचा कागद तरी पुढे करता येतो. ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याने पोराच्या सदऱ्यासाठी कोणत्या बँकेत जावे?

आमच्या वस्तीतल्या मजुरासाठी जून हा वर्षातला सर्वात कोरडा महिना असतो. आभाळातून पाणी पडते, पण हातात पैसा पडत नाही. पेरणी झाल्याशिवाय खुरपणी नाही, आणि खुरपणी लागल्याशिवाय बायामाणसांच्या हाताला रोज नाही. ऊसतोडीला गेलेले कुटुंब उन्हाळ्यात गावी परतते. उचलीतून फिटून जे उरले ते लग्नकार्यात आणि दवाखान्यात संपलेले असते. पुढची उचल पावसाळा सरत आल्याशिवाय हाती येत नाही. नेमक्या या मधल्या फटीत शाळा उघडते. शाळेच्या वेळापत्रकात आणि मजुराच्या घरातल्या पैशाच्या वेळापत्रकात मेळ नाही, हे शिक्षणावर भाषणे देणाऱ्या किती लोकांच्या ध्यानात येते?

मग काय होते, हे वाचकांपैकी अनेकांनी अनुभवलेले आहे. आई पोराला घेऊन पेठेत जाते. सदरा दोन बोटे मोठा घेते, कारण तो पुढच्या वर्षीही पुरला पाहिजे. चड्डीची दुमड आत ठेवून शिवायला सांगते. थोरल्याचा धाकट्याला, धाकट्याचा चुलतभावाला, असा एकच गणवेश तीन अंगांवरून फिरतो. रोख पैसे असले तर ती दुकानदाराशी घासाघीस करते, चार दुकाने हिंडते. पैसे नसले तर ज्या दुकानात खाते आहे तिथेच तिला जावे लागते. आणि उधारीवर घेणाऱ्याला भाव करायला तोंड नसते. दुकानदार म्हणेल तो भाव आणि दाखवेल तो माल. बिल मिळत नाही, वहीत आकडा पडतो. दिवाळीला कापूस किंवा सोयाबीनच्या मजुरीतून तो आकडा फिटतो न फिटतो तोच पुन्हा सणाचे कपडे त्याच वहीत चढतात. ज्याच्याजवळ पैसा कमी, त्यालाच वस्तू महाग पडते, हा बाजाराचा नियम अर्थशास्त्राचे पुस्तक न वाचताही आमच्या आयाबहिणींना पाठ आहे.

पण आमच्या समाजाच्या बाबतीत गोष्ट केवळ गरिबीची नाही. कपडा आणि दुकान यांच्याशी आमचा इतिहास वेगळाच आहे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत साताऱ्याचे दिवस लिहून ठेवले आहेत. साताऱ्यात धोबी होते, आणि धुलाईचे पैसे देण्याची ऐपतही घरात होती. तरीही कपडे बहिणींनाच धुवावे लागत, कारण अस्पृश्याचे कपडे धुवायला कोणी धोबी तयार नव्हता. केस कापायला न्हावी नव्हता, तेही काम थोरली बहीण करी. म्हणजे खिशात पैसा असूनही बाजार बंद होता.

त्याच आठवणींत १९०१ सालच्या प्रवासाची हकीकत आहे. वडील रामजी बाबा कामानिमित्त गोरेगावला होते. मुलांना त्यांच्याकडे जायचे होते. या प्रवासासाठी नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे अशी खास तयारी झाली. मसूर स्टेशनवर मुले उतरली तेव्हा स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करू लागला. त्या कपड्यांवरून त्याला ती ब्राह्मणांची मुले वाटली. जात कळताच त्याचा चेहरा पालटला, आणि दुप्पट भाडे देऊ केले तरी गाडीवाला गाडी हाकायला तयार होईना. शेवटी मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने पायी चालायचे, असे ठरले. चांगल्या कपड्याने माणूस क्षणभर माणूस दिसला, जातीने ते दिसणे पुसून टाकले. आजही नवा कपडा घातला, जोडा घातला, गॉगल लावला म्हणून आमच्या तरुणांना मारहाण झाल्याच्या बातम्या देशाच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून येतात. तेव्हा मसूरचे स्टेशन फार मागे राहिले असे समजण्याचे कारण नाही.

कापडाच्या धाग्यातही जात होतीच. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त होता, पण तिथे अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता. कारण काय, तर धागा तुटला की तो तोंडाने ओढून जोडावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. कमी पगाराच्या सूतकताई खात्यात मात्र आमची माणसे चालत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न रोखठोक मांडला तो यासाठीच. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे त्यांनी आमच्या आयाबायांना लुगडे कसे नेसावे, जातीची खूण सांगणारे जाडजूड दागिने का टाकून द्यावेत हे समजावून सांगितले आणि मुलामुलींना शाळेत घालण्याचा आग्रह धरला. नेसणे, राहणे आणि शिकणे ही तीन कामे त्यांनी वेगळी मानली नाहीत. म्हणून शाळेच्या कपड्यांचा विषय आम्हाला किरकोळ वाटत नाही.

राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात जिथे जिथे जाण्यापासून कोणालाही रोखता येणार नाही अशा जागांची यादी आहे, तिची सुरुवात 'दुकाने' या शब्दाने होते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमावर चर्चा झाली. दुकान म्हणजे नेमके काय, अशी शंका निघाली. बाबासाहेबांनी सांगितले की हा शब्द केवळ दुकानात पाऊल ठेवू देण्यापुरता नाही. जो कोणी मोबदला घेऊन लोकांना सेवा देतो, त्याने ती सर्वांना दिली पाहिजे, असा त्याचा व्यापक अर्थ आहे. साताऱ्याच्या धोब्याला आणि मसूरच्या गाडीवाल्याला दिलेले हे उत्तर होते, असे आम्ही मानतो. पुढे १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकायला नकार देणे हा गुन्हा ठरवला.

आज पेठेतला कोणताही कापडवाला आमची नोट नाकारीत नाही. गिऱ्हाईक म्हणून आम्ही त्याला हवेच आहोत. तथापि काउंटरच्या अलीकडे आम्ही पोचलो, पलीकडे किती पोचलो? मुख्य पेठेतून एकदा टोकापासून टोकापर्यंत चालत जा आणि पाट्या वाचा. कापड, किराणा, भांडी, सराफी, खते-बियाणे यांत आपल्या माणसाची पाटी किती ठिकाणी दिसते? आमचा माणूस दिसतो तो हमाल म्हणून, रस्त्याच्या कडेला चपला शिवणारा म्हणून, फार तर आठवडी बाजारात चादर अंथरून बसलेला विक्रेता म्हणून.

याचे कारण आमच्यात धंद्याची अक्कल नाही, असे सांगणारे शहाणे पुष्कळ आहेत. ते खोटे आहे. कापडाचे दुकान चालते ते ठोक व्यापाऱ्याच्या उधारीवर. माल आधी, पैसे नंतर. आणि ही उधारी ओळखीवर मिळते. ओळख म्हणजे नाते, सोयरीक, जात. पेठेतला गाळा भाड्याने मिळतो तोही ओळखीवर. ज्याची तिसरी पिढी गल्ल्यावर बसली आहे त्याला बँक तारणाशिवायही ओळखते. ज्याची पहिली पिढी कागद घेऊन उभी आहे त्याला ती जामीनदार विचारते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ साली स्थापन झाले ते ही कोंडी फोडण्यासाठी. चर्मोद्योगाचे महामंडळ तर त्याच्याही आधीचे. पण महामंडळाने प्रकरण मंजूर करायचे आणि बँकेने ते परत पाठवायचे, या येरझाऱ्यांत किती तरुणांच्या चपला झिजल्या, याचा हिशेब कोणी मागत नाही. शाळेचा काळा बूटच पाहा. आग्र्याच्या जाटव वस्त्यांतून आणि धारावीच्या गल्ल्यांतून आमच्याच भावंडांच्या हातून जोडे तयार होतात. हात आमचा, कसब आमचे, नफा मात्र मधल्या मध्ये दुसऱ्याचा.

आता सरकारी गणवेशाकडे पाहू. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतील सर्व मुली आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुलांना दोन गणवेशांसाठी वर्षाला ६०० रुपये ठरले. म्हणजे एका जोडाला ३००. कापड, शिलाई, गुंड्या सगळे त्यातच. २०२३ मध्ये राज्याने उरलेल्या मुलांनाही योजनेत घेतले आणि बूट-मोज्यांसाठी प्रत्येकी १७० रुपये ठरवले. १७० रुपयांत बुटांचा एक जोड आणि मोज्यांचे दोन जोड कोणत्या बाजारात मिळतात, तो बाजार आम्हालाही पाहायचा आहे!

पुढे २०२४-२५ साली 'एक राज्य, एक गणवेश' आले. कापड वरून येणार, शिलाई महिला बचत गटांकडून होणार. कागदावर हे चांगले दिसत होते. प्रत्यक्षात १५ ऑगस्टचे झेंडावंदन झाले तरी असंख्य मुलांच्या अंगावर नवा गणवेश नव्हता. कोणाला आला तो मापात नव्हता. शिलाईचा दर इतका तुटपुंजा की शिवणाऱ्या बायांनाच तो परवडेना. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने माघार घेतली आणि २०२५-२६ पासून खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. या सगळ्यात ज्याच्या बापाजवळ पैसे होते त्याने पेठेतून गणवेश आणला. ज्याच्याजवळ नव्हते ते पोर जुन्या सदऱ्यात वर्गात बसले. गणवेश हा गरीब-श्रीमंत भेद झाकण्यासाठी असतो. तो वेळेवर आला नाही की तोच भेद उघडा पाडतो.

खाजगी इंग्रजी शाळांची तऱ्हा आणखी वेगळी. अमुकच दुकानातून, अमुकच पट्ट्याचा, अमुकच बिल्ल्याचा गणवेश घ्या, असा तोंडी हुकूम निघतो. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांवर आमचे मूल तिथे गेले तर फी माफ होते, पण गणवेश आणि पुस्तकांचे बिल बापाच्या हातात पडते. दारातून आत घेतले आणि कपड्यांवरून वेगळे काढले, तर त्या पंचवीस टक्क्यांचा अर्थ काय उरला?

मग आपण करायचे काय? केवळ शासनाला आणि पेठेला बोल लावून भागणार नाही. आम्हाला चार गोष्टी सुचतात.

पहिली, खरेदीचा अधिकार आता शाळा व्यवस्थापन समितीकडे आहे. कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. आमच्या वस्तीतून निवडलेली बाई सभेला बसते की घरी आलेल्या रजिस्टरवर अंगठा उठवते, हे आपणच पाहिले पाहिजे. कापड कोणाकडून, शिलाई कोणाला, बिल कुठे, हे तीन प्रश्न प्रत्येक सभेत विचारा.

दुसरी, वस्तीत शिवणयंत्र चालवणाऱ्या आपल्या लेकी-सुनांना योग्य दराने हे काम मिळाले पाहिजे. त्यांनी गट करून समितीपुढे दरपत्रक ठेवावे. गणवेशाच्या धंद्यात सोलापूरचे नाव मोठे आहे, ठोकीने माल तिथे मिळतो. पाच गावांच्या समित्या एकत्र आल्या तर त्यांना मधल्या माणसाची गरज नाही.

तिसरी, जयंती मंडळांची. १४ एप्रिलला आपल्या घरोघर नवे कपडे येतात, आणि ते आलेच पाहिजेत. तो आमच्या स्वाभिमानाचा सण आहे. पण डीजेवर एका रात्रीत जो पैसा जातो, त्यातला निम्मा बाजूला काढला तर जूनमध्ये वस्तीतल्या एकाही पोराला उधारीच्या वहीत चढावे लागणार नाही. 'एक वही, एक पेन' ही मोहीम लोकांनी उचलून धरली, तशी 'एक गणवेश' का होऊ नये? बुद्धविहारात जुन्या पुस्तकांची आणि लहान झालेल्या गणवेशांची पेटी ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.

चौथी गोष्ट अवघड आहे. आपला तरुण दुकान टाकतो तेव्हा पहिली पाठ आपणच फिरवतो. त्याच्याकडे उधारी मागतो आणि रोख पैसे पेठेत नेऊन देतो. हे बंद झाले पाहिजे. त्यानेही माल चोख ठेवावा, बिल द्यावे, भाव एकच ठेवावा. समाजाचा म्हणून खराब माल कोणी सहन करू नये.

दुकानाचे दार कायद्याने उघडून देण्याचे काम बाबासाहेबांनी केले. त्या दारातून गिऱ्हाईक म्हणून जायचे की मालक म्हणून बसायचे, हे ठरवणे आपल्या हाती आहे. आणि त्याची सुरुवात मोठ्या गोष्टीपासून करायची गरज नाही. पुढच्या वर्षीच्या गणवेशाचे पैसे आजपासून जमवायला लागा, एवढे केले तरी जूनमधली एक वही कोरी राहील.